लघवीची गोळी, झोपेची गोळी

आई आता चालत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी ती बरी होईल अशी आशा धरून कुणी पुढचं वाचायला नको. ती डोंबिवलीत दादाच्या घरी खिडकीजवळच्या पलंगावर असते. मी दर रविवारी ठाण्याहून तिला भेटायला जातो, तासभर बसतो आणि परत येतो. माझ्या हातून आता तेवढंच होतं.

बाबा गेल्यावर आम्हा दोघा भावांचं ठरलं होतं. आईने एक महिना दादाकडे राहायचं, एक महिना आमच्याकडे. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत आईवडिलांचं असंच चालतं, त्यामुळे यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. आईही म्हणायची, "मला काय, दोन घरची मजा." स्टेशनचे जिने तिला झेपत नसत, गुडघे दुखत आणि दम लागे. म्हणून महिना भरला की मी गाडी बोलवायचो आणि तिला डोंबिवलीच्या मानपाड्याहून शीळफाट्यामार्गे ठाण्यात आमच्याकडे वर्तकनगरला आणायचो, किंवा उलट सोडून यायचो. तिच्याबरोबर तीन गोष्टी असत. कपड्यांची पिशवी, भजनाचे टाळ, आणि श्रीखंडाचा एक रिकामा डबा. त्या डब्यात तिची औषधं असत.

डबा वहिनी लावून द्यायची. आईचं ब्लडप्रेशर, हृदयाचे अनियमित ठोके, पायाला येणारी सूज, या सगळ्यासाठी कल्याणच्या डॉक्टरांकडे तीच आईला घेऊन जात असे. आईला पाकिटावरची बारीक अक्षरं दिसत नव्हती, म्हणून वहिनीने युक्ती काढली होती. सकाळच्या गोळ्या हिरव्या रबरात, रात्रीच्या लाल रबरात.

"भावजी, फक्त रबर बघून द्या," ती मला दारात म्हणायची. "तेवढं जमेल ना? का व्हिडिओ काढून पाठवू?"

दादा आतून हसायचा. मीही हसायचो, पण ते मला लागायचं. कारण कुठली गोळी कशाची आहे हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि विचारलं तर ते उघडं पडलं असतं. आई बीपीची गोळी घेते, एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या दृष्टीने त्या डब्यातलं सगळं म्हणजे बीपीची गोळी.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी तिला असाच आणायला गेलो. तिने नाश्ता करून हिरव्या रबरातल्या गोळ्या घेतल्या, वहिनीने हातावर दही ठेवलं आणि आम्ही निघालो. शीळफाट्याच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे कुठेतरी ट्रेलर बंद पडला होता. दोन्ही बाजूंना कंटेनर, मधे आम्ही, आणि बाहेर नुसतं ऊन. बराच वेळ गाडी हललीच नाही. आई मागच्या सीटवर माझ्या शेजारी चुळबुळ करायला लागली.

"अजून किती रे?"

"सुटेल आता."

थोड्या वेळाने परत. "इथे कुठे उतरता येईल का?"

"आई, कुठे उतरणार आहेस इथे? बघ तरी बाहेर."

तिने बाहेर बघितलं. मग तिने टाळांची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. मी मोबाइलवर ऑफिसचे मेसेज बघत बसलो. काही वेळाने वास आला. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि काच खाली केली. आई पदराने सीट पुसत होती.

तेव्हा मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो, कारण आजवर ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

"निघताना जाऊन यायला काय झालं होतं? लहान आहेस का तू?"

ती निघताना गेली होती. दोनदा गेली होती. चपला घालून झाल्यावर परत चपला काढून आत गेली होती, आणि "आई, चल ना" म्हणून मीच घाई केली होती. गाडीत हे तिने मला सांगितलं नाही. ती ड्रायव्हरला म्हणाली, "बाळा, माफ कर हो मला."

"राहू दे आजी, कव्हर धुऊन टाकेन," तो म्हणाला.

घरी पोचलो. माझ्या बायकोने दार उघडलं तर आई तिच्या बाजूने थेट मोरीत गेली आणि स्वतःचं लुगडं स्वतः धुऊनच बाहेर आली. "घामाने नुसती भिजले गं," असं तिने बायकोला सांगितलं. मी कपड्यांची पिशवी आत नेऊन ठेवली.

त्यानंतर आईची झोप गेली. आमचं घर लहान, आम्ही दोघं आणि मुलं आतल्या खोलीत, ती हॉलमध्ये झोपायची. तिचं उठणं, नळाचा आवाज, चपलांचा फटक फटक आवाज, हे रात्रभर मला ऐकू यायचं. सकाळी चहाच्या वेळी तिचे डोळे सुजलेले असत आणि माझेही.

"झोप लागत नाही का गं?"

"वय झालं रे. म्हाताऱ्या माणसाला कसली झोप?"

"पण दादाकडे तर झोपतेस म्हणे."

"जागा बदलली की होतं."

मी ते मान्य करून टाकलं. खरं तर मला तिच्या झोपेपेक्षा माझ्या झोपेची काळजी होती. ऑफिसात त्या दिवसांत माणसं कमी करायचं चाललं होतं आणि मीटिंगमध्ये माझे डोळे मिटत होते. हे कारण म्हणून सांगत नाही. जसं होतं तसं सांगतो.

मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. आईला झोपेचं काहीतरी द्या म्हणालो.

त्यांनी विचारलं, "बाकी औषधं काय चालू आहेत?"

"बीपीची गोळी आहे. नेहमीची."

"एकच? हार्टचं काही?"

"तसं विशेष काही नाही."

"असं नको. या वयात बीपी-हार्टच्या औषधांबरोबर झोपेची गोळी न बघता देता येत नाही. सगळ्या पाकिटांचे फोटो पाठवा, नावं दिसतील असे. आणि बीपी मोजा, बसून एकदा आणि उभं करून एकदा. मग बघू."

मी त्या संध्याकाळी डब्याचा फोटो काढून पाठवला. वहिनी महिन्यापुरत्याच गोळ्या आणायची, त्यामुळे मेडिकलवाल्याने पाकिटं कापून दिलेली, निम्म्यांवर नावच नव्हतं. डॉक्टरांचा मेसेज आला, 'नावं वाचता येत नाहीत. परत पाठवा.' मी परत पाठवला नाही. वहिनीला एक फोन केला असता तर तिने सगळी नावं तोंडपाठ सांगितली असती. पण मग ती म्हणाली असती, "म्हणजे इतके दिवस तुम्ही काय देताय ते तुम्हाला माहीतच नाही?" ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

माझ्या कपाटात माझ्याच झोपेच्या गोळ्या होत्या. मध्यंतरी मला त्रास झाला तेव्हा त्याच डॉक्टरांनी मला लिहून दिल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या. मला चालतात, म्हणजे सौम्यच असणार, असं मी मनाशी म्हटलं. जेवण झाल्यावर आईच्या हातावर लाल रबरातल्या गोळ्या ठेवल्या आणि त्यांच्याबरोबर माझी अर्धी गोळी.

"ही कसली रे?"

"झोपेची. डॉक्टरांना विचारलंय."

विचारलं होतं, एवढं खरं होतं.

आई झोपली. मीही झोपलो. पुढचे काही दिवस घरात फार शांतता होती आणि ती मला फार आवडली. आई सकाळी उशिरा उठायची, खुर्चीत बसल्याबसल्या पेंगायची, दुपारी ताटावर बसली की घास हातात तसाच राहायचा. बायको मला म्हणाली, "अहो, आई दिवसभर झोपेतच असल्यासारख्या वाटतात. काल बोलताना जीभ जड झाली होती त्यांची. उठल्या की भिंत धरतात."

"मागची झोप भरून काढतेय," मी म्हणालो. "तुला काय, झोपली तरी त्रास आणि जागी राहिली तरी त्रास."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण डॉक्टरांना विचारलंय असं मी तिलाही सांगितलं होतं.

मग आई परत उठायला लागली. नळ, चपला. गोळी कमी पडतेय, असा मी अर्थ लावला आणि अर्धीची पूर्ण केली.

त्या रात्रीचं मला काहीच सांगता येणार नाही, कारण मी गाढ झोपलो होतो. सकाळी उठलो तेव्हा आई मोरीच्या दाराशी, वॉशिंग मशिनला टेकून जमिनीवर बसलेली होती. एक पाय विचित्र वळलेला. लुगडं ओलं. शुद्धीवर होती.

"आई!"

"ओरडू नकोस. पोरं उठतील."

"कधी पडलीस?"

"आत्ताच. आत्ताच पडले."

मी तिचा हात धरला. तो लादीसारखा गार होता. ओलं लुगडं कडेने वाळायला लागलेलं होतं. आत्ताच पडलेल्या माणसाचा हात तसा नसतो. ती किती वेळ तिथे बसून होती आणि तिने मला हाक मारली की नाही, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. मारली असेल आणि मला ऐकू आली नसेल, किंवा मारलीच नसेल, माझी झोप मोडू नये म्हणून. दोन्हींपैकी कुठलंही उत्तर ऐकायचं बळ माझ्यात नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी औषधं मागितली. मी डबा पुढे केला आणि हिरवं रबर सकाळचं, लाल रात्रीचं, असं सांगितलं. त्यांनी पलंगावरच्या चादरीवर एकेक पाकीट मांडलं. तोवर दादा-वहिनी डोंबिवलीहून येऊन पोचले होते.

"ही लघवीची गोळी लाल रबरात कशी? रात्री द्यायला कुणी सांगितली?"

वहिनीचा चेहराच उतरला. "नाही हो डॉक्टर, हिरव्यात लावली होती मी. देवाशपथ. सकाळचीच आहे ती. माझ्याकडून चुकली का?" ती रडायलाच लागली. दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तोही तिच्याकडे विचारल्यासारखा बघत होता.

आई पलंगावरून म्हणाली, "तिचं काही चुकलं नाही. मीच हलवली. रंगावरून ओळखते मी ती."

"का हलवलीत आजी?"

"दिवसा बाहेर गेलं की अडचण होते. चारचौघांत कुठे जाणार बाईमाणसाने? रात्री घेतली म्हणजे काय ते घरातल्या घरात होऊन जातं."

"कधीपासून?"

"इकडे आल्यापासून."

वहिनी डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे? गाडीत काही झालं होतं का?"

"छे गं. गाडीत काय व्हायचं?"

हे बोलताना आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. मी तिथेच उभा होतो, तिच्या पायाशी. मी तोंड उघडलं असतं तर वहिनीवरचं ओझं त्याच क्षणी उतरलं असतं. मी चादरीवरची पाकिटं बघत राहिलो.

झोपेच्या गोळीचं मात्र मला सांगावंच लागलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बघा, रात्री लघवीची गोळी घेतली की सारखं उठावं लागणारच. त्यांना झोप न येण्याचं कारण तेच होतं. त्यावर तुम्ही झोपेची गोळी दिलीत. म्हणजे एक गोळी उठवतेय आणि दुसरी उठू देत नाहीये. त्यात बीपीची गोळी पण रात्रीच. असं माणूस अर्धवट झोपेत एकदम उभं राहिलं की बीपी खाली येतं आणि तोल जातो." मग एक पाकीट उचलून म्हणाल्या, "ही ठोक्यांसाठी आहे. हिच्यामुळे काही झोपेच्या गोळ्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, तुमची त्यातलीच आहे. म्हणून दिवसाही पेंग. तुम्हाला जी अर्धी चालते, ती त्यांना दीड-दोनसारखी झाली असेल."

"पण काका, तुम्ही कुणाला विचारलं नाहीत का?" त्यांच्याबरोबरच्या शिकाऊ डॉक्टरने विचारलं. प्रश्न साधा होता.

"विचारलं होतं," मी म्हणालो.

दादा मला बाहेर घेऊन गेला. मला वाटलं, आता शिव्या देईल. तो म्हणाला, "अरे, तुला तिचं जागरण बघवत नव्हतं म्हणून दिलीस ना तू? चुकलं, झालं. जिवाला खाऊ नकोस." मी मान हलवली. तो माझ्यासाठी चहा घेऊन आला.

ऑपरेशन झालं, रॉड बसवला. तिला उभं करायचे खूप प्रयत्न झाले. व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायची, "आजी, एक पाऊल, फक्त एक," म्हणायची. आई घाबरायची. उभी राहिली की डोळ्यांसमोर अंधारी येते म्हणायची, बीपी ठीक असलं तरी. हळूहळू तिने आणि आम्हीही तो नाद सोडला. दादाचं घर तळमजल्यावर आहे आणि वहिनी दिवसभर घरी असते, म्हणून ती तिकडेच राहिली. एकेक महिन्याची पद्धत आपोआप संपली. टाळ खिडकीच्या गजाला अडकवलेले आहेत. भजनातल्या बायका सुरुवातीला यायच्या, आता सणावाराला येतात.

आता मला सगळं माहीत आहे. कुठली गोळी कशाची, कुठली कशाबरोबर चालत नाही, कुठली अचानक बंद करायची नसते. लघवीची गोळी सकाळी. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर, मग काठावर पाय सोडून बसायचं, डोकं गरगरत नाही ना ते बघायचं, मग उभं राहायचं. ओळखीचं कुणी फोनवर म्हणालं, की आईला झोप येत नाही, माझ्याकडे एक गोळी आहे ती देऊ का, तर मी इतका बोलतो की समोरचा कंटाळून फोन ठेवतो. बायको म्हणते, "अहो, किती घाबरवता लोकांना!" पण जिला या सगळ्याचा उपयोग व्हायचा ती आता उठतच नाही.

आणि तिला झोप येत नाही. दिवसभर पडून असणाऱ्या माणसाला कशी येणार? मी शेजारी बसलो की कधी कधी, वहिनी आत असताना, हळूच विचारते.

"ती तुझी गोळी आहे का रे?"

"नाही गं आई. ती तुला द्यायची नाही."

"पण छान झोप लागायची."

मी कल्याणच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, काही जणांना देता येते, सगळी औषधं तपासून, अगदी कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी. पण आईंचं हृदय आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, श्वासही कमी पडतो, त्यांना नको. दिवसा बसवा, खिडकी उघडी ठेवा, बोलत राहा. मी आठवड्यातून एक तास बोलतो. बाकीचा सगळा आठवडा वहिनी बोलते. मध्यंतरी ती मला म्हणाली, "भावजी, मला अजून वाटतं, रबर लावताना माझंच काहीतरी चुकलं असणार. आई मला वाचवायला तसं म्हणाल्या." मी तिला म्हणालो, "नाही वहिनी, तुमचं काही चुकलं नाही." एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली. मला त्या शिट्टीमुळे हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

गेल्या रविवारी मी निघायला उठलो. पायात चपला घातल्या. आई उशीवरून मान वळवून बघत होती.

"निघालास?"

"हो. उशीर होईल परत."

"जाऊन आलास का?"

मला आधी कळलंच नाही. "कुठे?"

"मोरीत रे. आधी जाऊन ये. शीळफाट्याला अडकलास तर पंचाईत व्हायची."

वहिनी दारातून हसली. "भावजी, आईंच्या हिशेबात तुम्ही अजून बालवाडीतच आहात."

आईच्या चेहऱ्यावर टोमण्याची खूण शोधायचा मी प्रयत्न केला. नव्हती. तिला खरंच काळजी वाटत होती. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी चपला काढल्या आणि आत गेलो. मला गरज नव्हती. दार लावून नुसता उभा राहिलो आणि बाहेर ऐकू जाईल इतका नळ सोडला. बाहेर आलो तर ती दाराकडेच बघत होती.

"झालं?"

"झालं गं आई."

"मग जा आता," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. वहिनीने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, झोप लागली वाटतं म्हणून. ती झोपलेली नव्हती. शीळफाट्यालाही तिने असेच डोळे मिटून घेतले होते.